झाकण लावलं का?

—नाही, खरं म्हणजे मी तुम्हाला काहीच सांगायचं नाहीये. आईनं जाताना तसं बजावलंय. बसव, पंखा लाव, पाणी दे, आणि बाबा येईपर्यंत पुस्तक घेऊन समोर बस, तोंड उघडायचं नाही — आता तोंड न उघडण्यात मी गावात पहिली, मला सगळे मुकीच म्हणतात, म्हणून तर तुमच्याजवळ मला बसवलं. धाकट्याला बसवलं असतं तर त्यानं एव्हाना घरातली भांडी मोजून दाखवली असती. बसा ना. तिथं नको, त्या कपाटापाशी नको — इकडे खिडकीशी बसा, वारा येतो. मी तुम्हाला आत्याच म्हणते हं. पाणीकाका आमचे काका, मग त्यांची बहीण म्हणजे आत्याच झाली की. हे घ्या पाणी. बाटलीतलं आहे, सील तुमच्यासमोर फोडते. — का म्हणजे? असंच. पाहुण्यांना आम्ही बाटलीतलंच देतो. — आधीच प्यायलात? कुठं? स्टँडवरच्या नळाला? दोन ओंजळी... नाही, काही नाही. तोंडाला काही नाही झालं माझ्या, माझा चेहराच असा आहे. हो, गोड असतं आमच्या गावचं पाणी. काकाच म्हणायचे, गावातली माणसं आंबट, पाणी तेवढं गोड.

दर पंधरा दिवसांनी फोन यायचा ना तुम्हाला? मला माहिती आहे, टपाल कार्यालयाबाहेरच्या फोनवरून करायचे, मी शिकवणीला जाताना दिसायचे. फोन कानाला असा लावायचे, जशी ती चावी लावायचे. चावी माहितीये ना? त्यांची पाणी सोडायची लोखंडी चावी — माझ्या खांद्याला येईल एवढी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यात खड्डा असतो, त्यात व्हॉल्व्ह, त्यावर ती बसवायची आणि गोल फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. फिरवून झालं की काका मुठीला कान लावून उभे राहायचे, डोळे मिटून. पाइप कुठं फुटलाय ते ऐकू येतं म्हणे. एकदा मला ऐकवलं होतं. मला नुसतं सूं सूं आलं. काका म्हणाले, अगं, तेच तर, सूं सूं आलं म्हणजे सगळं ठीक, बोलायला लागलं की समज कुठंतरी गळतंय. — हसलात? सगळ्यांना हसू यायचं त्यांचं. म्हणून तर—

नाही, ते नको. अध्यक्षांनी तुम्हाला काय सांगितलं, बसनं गेले असंच ना? सोमवारी सकाळच्या बसनं, हातात पिशवी, कंडक्टरनं बघितलं. रागावून गेले, येतील आपोआप, म्हातारं माणूस, रुसलंय. पाववाल्यांकडे जाऊन विचारलंत ना तुम्ही, तेच आमचे अध्यक्ष, पावाची भट्टी त्यांचीच. पाव आणि भाषण दोन्ही फुगवून देतात — हे मी वहीत लिहिलं होतं. वही म्हणजे... असू दे. बघा, मला बोलता येत नाही आणि एकदा यायला लागलं की थांबता येत नाही, हे असं आहे.

हशाचा दिवस ठाऊक आहे ना तुम्हाला? काकांनी सांगितलंच असेल. वर्षातून एक सुट्टी, सगळं गाव मैदानावर. समिती गावातला एक माणूस निवडते, त्याला मानकरी म्हणायचं, आणि रंगमंचावर त्याची नक्कल करायची. मानकऱ्यानं पुढच्या खुर्चीत कागदी मुकुट घालून बसायचं आणि हसायचं. हसायलाच लागतं. जो हसला नाही त्याला वर्षभर कुणी सोडत नाही. शिंपीण हसली नव्हती, तिला अजून पोरं सुईबाई म्हणतात आणि दारावरून जाताना रडून दाखवतात. शेवटी मानकऱ्यानं वर जाऊन दोन शब्द बोलायचे. यंदाचा गेल्या रविवारीच झाला. यंदा पन्नासावं वर्ष. वरच्या गावाहून मोठे पाहुणे परवा रविवारी येणार, सगळ्यात हसऱ्या गावाचं बक्षीस द्यायला. म्हणून यंदा नक्कल फक्कड हवी होती. आणि समितीला काही सुचेना. बाबा समितीचे सचिव. खाली चष्म्याचं दुकान बघितलंत ना, ते आमचंच. साऱ्या गावाला नीट दिसायला लावतात, असं सगळे म्हणतात.

तर वही. सांगूनच टाकते, कारण नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कादंबरी लिहीत होते. हसू नका — नाही, हसा, विनोदीच होती. गावाची गंमत. बोलत नाही ना मी, मग बघत बसते. एकेका माणसाचं एकेक प्रकरण. टपालमास्तर दुसऱ्यांची पाकिटं उन्हाला धरून वाचतात आणि मग पत्र द्यायला येताना आधीच वाईट तोंड करून येतात, ते एक प्रकरण. अध्यक्षांना भाषणात नेमका टाळ्यांच्या जागी खोकला येतो, ते एक. आणि सातवं प्रकरण काकांचं. सगळ्यात लांब, सगळ्यात चांगलं. गणिताच्या वह्यांखाली ठेवली होती, बाबा गणित तपासायला गेले आणि वाचत बसले. मी दारात उभी. वाटलं, आता पाठीत बसतात. तर बाबा हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते, आत्या. माझ्या कशालाही ते आजवर हसले नव्हते. म्हणाले, मुके, हे तू लिहिलंस? काकांचं हे आपण नकलेला घेऊ? मी... मला नाही म्हणता आलं असतं. ते पान फाडता आलं असतं. मी मान हलवली. अशी. हो म्हणून.

काय होतं त्यात? दोन गोष्टी होत्या. एक तुम्हाला आवडणार नाही. काकू असताना काकांचं ठरलेलं होतं ना — सगळ्यात शेवटचा व्हॉल्व्ह त्यांच्याच गल्लीचा, चढावर, शेवटचं घर त्यांचं. तो सोडला की काका खालून ओरडायचे, आलं का? आणि काकू खिडकीतून ओरडायच्या, आलं हो, आलं! म्हणजे गावभर पाणी पोचलं. काकू गेल्याला चार वर्षं झाली. काका अजून ओरडायचे. ओरडायचे, मग चावी खांद्यावर टाकून चढ चढायचे, घराचं कुलूप काढायचे, नळ बघायचे, आणि त्या खिडकीत उभं राहून बारीक आवाजात — काकूंच्या आवाजात — आलं हो, आलं. रिकाम्या रस्त्याला. मी शिकवणीहून येताना भिंतीआड उभी होते. मी ऐकलं. आणि घरी येऊन लिहिलं. कसं लिहिलं ते नका विचारू. गमतीचं लिहिलं.

दुसरी गोष्ट झाकणाची. ती इथंच घडली, या खोलीत. समितीची बैठक होती, मी चहा देत होते. तिथून टाकी दिसते ना तुम्हाला, चढाच्या वर, पांढरी? यंदा पन्नासावं वर्ष म्हणून तिच्यावर दिव्यांचा हसरा चेहरा लावायचं ठरलं, दोन मजली उंच. विजेवाल्यानं त्याचे दोर टाकीच्या तोंडातून आत घेतले आणि आतल्या लोखंडी शिडीला बांधले, कारण वर दुसरं काही धरायलाच नाही. मग झाकण कसं बसणार? काका दारात येऊन उभे राहिले. आत नाही आले, पाय ओले होते म्हणून. म्हणाले, झाकण लावलं का? अध्यक्ष म्हणाले, लावू. दुसऱ्या दिवशी परत, झाकण लावलं का? तिसऱ्या दिवशी परत. साहेब, त्यात पान पडतं, पाखरू पडतं, गाव पितं ते पाणी. साधं पान पडलं ना आत्या, तरी ते वर चढून चाळणीनं काढायचे. अध्यक्ष काय म्हणाले माहितीये? म्हणाले, काका, आधी तुमच्या तोंडाला झाकण लावा. सगळे हसले. मी पण. ट्रे हातात होता, कप वाजले माझे. आणि लिहिलं — की पाणीकाका जगात दिसेल त्याला विचारतात, झाकण लावलं का. डब्याला. पेनाला. बाळाच्या टाळूला. नकलेत टपालमास्तर काका झाले होते, खांद्यावर केरसुणीचा दांडा, आणि ते अध्यक्षांच्या टकलाकडे बघून थबकतात आणि हळूच विचारतात, झाकण लावलं का? मैदान कोसळलं, आत्या. पुढं पुढं तर टपालमास्तर नुसता हात वर करायचे आणि सगळं गाव एका सुरात ओरडायचं. पोरं, म्हातारी माणसं, माझी आई. माझं वाक्य. मी लिहिलेलं वाक्य हजार माणसं म्हणतायत. मी तोंडावर ओढणी धरून बसले होते, लाजून नाही — मला आनंद झाला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

काका? पुढच्या खुर्चीत. मुकुट घालून. हसत होते. ते काकूंचं आलं तेव्हा — टपालमास्तरांनी डोक्यावरून पदर घेतला, स्टुलावर चढले, आलं हो, आलं — तेव्हाही हसत होते. फक्त आवाज येत नव्हता. मला बाजूनं दिसत होते. गुडघ्यावर हात होता, तो असा गोल फिरत होता, चावी फिरवतात तसा.

मग त्यांना वर बोलावलं, दोन शब्द बोला. सगळ्यांना वाटलं, आभार मानतील. काकांनी माईक धरला, मुकुट सारखा केला, आणि म्हणाले — झाकण लावलं का? आई गं, काय टाळ्या! शिट्या! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मानकरीच आपली नक्कल करतोय, असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं. काकांनी हात वर केला, गप्प बसा म्हणून. तर सगळे ओरडले, झाकण लावलं का! कारण हात वर केला की ओरडायचं, हे त्यांना आताच शिकवलं होतं ना आम्ही. काका म्हणाले, अहो, खरंच विचारतोय. परत हशा. म्हणाले, वारा सुटलाय, आत कचरा पडेल. पोट धरधरून हसत होते, आत्या. अध्यक्षांना खोकला लागला, खरा. काकांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा अगदी हळू. मग माईक ठेवला, खाली उतरले, खुर्चीमागं टेकवलेली चावी खांद्यावर घेतली आणि चढाकडे चालायला लागले. तोपर्यंत बँड सुरू झाला होता.

म्हणून म्हणते, ते रुसले नव्हते. तुम्हाला सगळे सांगतात ना, बायकोची नक्कल केली ती लागली मनाला, गेले रागावून. लागली असेल. मला लागली असती. पण रागावलेला माणूस बसस्टँडकडे जातो, चढाकडे कशाला जाईल? ते कामाला गेले. एवढंच. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही, मग ते स्वतः बघायला गेले.

आणि मग — जरा थांबा, जिन्यावर कोणी आहे का? नाही. मांजर.

उजेड होता अजून, दिवे नुकतेच लागले होते. टाकीवरचा चेहरा पेटला आणि सगळे वाः म्हणाले. जिलेबी — नाही, काय म्हणतेय मी — पाव वाटत होते, अध्यक्षांकडचे, गोड. मी वर बघत होते. तर चेहरा हलला. एका बाजूनं सैल झाला, एक डोळा खाली आला, तोंड वाकडं झालं. सगळ्यांना वाटलं, विजेवाल्याची करामत, चेहऱ्यानं डोळा मारला! केवढ्या टाळ्या पडल्या. विजेवाल्यानं पण वाकून नमस्कार केला, त्याला तरी कुठं ठाऊक होतं. मी पण टाळ्या वाजवल्या, आत्या. डोळा दोनदा हलला. मग नाही हलला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. गाव म्हणालं, काका रुसले, घ्या, आता नळालाच झाकण लावलं त्यांनी. दिवसभर हाच विनोद. रिकाम्या बादल्या वाजवत लोक विनोद करत होते. दुपारपर्यंत नगरपालिकेच्या नळजोडणीवाल्यानं पान्यानं कसेबसे व्हॉल्व्ह सोडले, पाणी आलं, मग तर कुणाला काकांची गरजच राहिली नाही. काकांच्या घराला कुलूप. अध्यक्ष म्हणाले, बसनं गेले. कंडक्टर म्हणाला, पिशवीवाला एक म्हातारा होता खरा. झालं, मिळाला म्हातारा.

मी त्या सकाळीच शाळेआधी वर गेले होते. का ते नका विचारू. माफी मागायची होती. घराला कुलूप, म्हणून तशीच वर टाकीपाशी गेले. शिडीच्या खाली चावी टेकवलेली होती. वर चढायला दोन्ही हात लागतात ना. आणि तिच्याशेजारी चपला. जोडलेल्या, टाचा भिंतीकडे. टाकीवर ते कधी चपला घालून चढत नव्हते, पिण्याचं पाणी म्हणून. मुकुट चपलेत घडी करून ठेवला होता.

मी बाबांना सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार? बाबा लगेच आले माझ्याबरोबर, दुकान उघडं टाकून. उभे राहिले. वर बघितलं. बराच वेळ. शिडीला हात लावला आणि काढला. मग म्हणाले, विसरले असतील. चपला? म्हातारपणी विसरतो माणूस. आणि ते सगळं जुन्या फलकाच्या कापडात गुंडाळून घरी आणलं. — नका, उठू नका, आत्या! पाया पडते. हो, त्याच कपाटामागं. हात लावू नका, वाजतं ते, खाली दुकानात ऐकू जातं.

त्याच दिवशी दुपारी विजेवाला आला, चेहरा उतरवून. पैसे — नाही, दोर परत द्यायला आला होता. म्हणाला, एका दोराची गाठ सुटली होती. मग स्वतःच म्हणाला, सुटली नव्हती, सोडली होती कुणीतरी, नीट, कापली नव्हती. बाकीचे दोर मी काढले आणि झाकण लावून टाकलं एकदाचं. बाबांनी विचारलं, आत बघितलंस का? तो म्हणाला, आत काय बघायचं? पाणी. बाबा हातातला चष्मा पुसत होते, पुसतच राहिले, काच नव्हती त्यात, नुसती फ्रेम होती.

आणि संध्याकाळी बाबा बाटल्यांचा खोका घेऊन आले. आई म्हणाली, हे काय नवीन? बाबा म्हणाले, गढूळ येतंय. आमच्या नळाला काचेसारखं पाणी होतं. आईनं नळाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि माठ उलटा करून ठेवला. तेव्हापासून आज पाच दिवस. आमच्याच घरात. शेजारच्या काकू अजून भरतात, त्यांचं बाळ सहा महिन्यांचं आहे. मी त्यांना काल म्हणाले, उकळून घ्या हं. त्या म्हणाल्या, अगंबाई, मुकी बोलली!

मी विचारलं बाबांना. काल. शब्द जुळवून जुळवून विचारलं. म्हणाले, कुणी काही पाहिलंय का? तू पाहिलंस? मी पाहिलं? नाही ना? जे पाहिलं नाही ते झालेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी पाहुणे येऊन जाऊ देत, सोमवारी टाकी धुवायचीच आहे, तेव्हा काय ते बघू. तशी पाटी पण लावलीय चौकात — टाकी सफाईनिमित्त सोमवारी पाणी येणार नाही. सुंदर अक्षर आहे. बाबांचंच आहे. वाईट नाहीत हो माझे बाबा. मला ताप आला की रात्रभर पाय दाबतात. आणि मला म्हणाले, यात तुझीही वही आहे, मुके, विसरू नकोस. ओरडले नाहीत. प्रेमानं म्हणाले.

वही जाळली मी. पण वाक्य कसं जाळू? पोरं अजून रस्त्यात ओरडतात.

आत्या, रडू नका, म्हणजे रडा, पण आत्ता नको. ऐका. आई त्यांना आणायलाच गेलीय. आत्ता बाबा येतील, अध्यक्ष येतील, टपालमास्तर पण. गोड बोलतील, तुम्हाला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून देतील, वर पावाची पिशवी देतील. त्यांना बस विचारू नका, कंडक्टर विचारू नका, भांडू नका. माझं नावही घेऊ नका — घेतलंत तरी चालेल. तुम्ही खाली उतरा, रस्त्यावर उभ्या राहा, बाजार भरलाय आज, सगळे असतील, आणि मोठ्यांदा तेच विचारा, काकांनी विचारलं तेच. लोक हसतील. पोरं तर नक्की हसतील. हसू दे. तुम्ही थांबू नका, काका थांबले तसं थांबू नका, हसणं संपेपर्यंत विचारत राहा — आणि संपलं की पुढचं विचारा, जे त्यांना कुणी विचारू दिलं नाही, की झाकण लावलं तेव्हा आत कुणी—

आले, बाबा! — नाही, काही नाही, गप्पच बसलोय आम्ही. हो, दिलं. बाटलीतलंच दिलं.